अर्धा ठोका

अक्काला मी सांगितलं होतं, की मी योगाला जातो.

दुसरं काय सांगणार? बायको जाऊन चार महिने झालेले, घरात दुखवटा, आणि साठी ओलांडलेला माणूस सकाळी उठून डान्स शिकायला जातो, हे तिला सांगायची माझी छाती नव्हती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण झुंबरबाई. माझी बायको दैवशाला गेल्यावर ती हसनाबादहून आली ती राहिलीच. माझ्या मुलाला, भारतला म्हणाली, "वरीस होस्तोवर मी हितंच. याला एकट्याला सोडायचं न्हाई." आणि तिनं खरंच सोडलं नाही. मी मोरीत गेलो तरी बाहेरून विचारायची, "भुजंगा, बरा हायेस ना?"

पुढच्या खोलीत सतरंजी घातलेली होती. ती उचलायची नाही, असं अक्कानं सगळ्यांना बजावलं होतं. भेटायला माणसं यायची. आमच्याकडं तेरावा झाला म्हणजे सुटलं असं नसतं. कोणी लांब राहतं, कोणाची सुगी चालू असते, कोणाला उशिरा कळतं. ते सगळे नंतर येतात. आणि ज्याचं माणूस गेलं त्यानं घरी असायला लागतं. मी भिंतीला टेकून बसायचो. बाई दारात आली की अक्का तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायची, थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसायची आणि आत बघून म्हणायची, "तृप्ती, चहा टाक गं. बिनसाखरेचे कोण कोण?"

मग आलेला पाहुणा मला विचारायचा, "कसं झालं एकाएकी?"

मी सांगायचो. सकाळी चहा करत होती, डोकं धरून खाली बसली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. हे इतक्यांदा सांगितलं, की सांगताना मला दुसरीच कोणीतरी बाई दिसायला लागली. फोटोतल्या बाईचंही तेच. तो फोटो भारतनं कोणाच्या तरी लग्नातला कापून मोठा केला होता. त्यात दैवशालानं तोंड गच्च मिटलंय. ती तशी कधी बसायची नाही.

टीव्हीवर टॉवेल टाकलेला. माझी नात राजनंदिनी मोबाइल तोंडाशी धरून, आवाज बंद करून, नुसती चित्रं बघायची. भारत त्याच्या बियाण्याच्या दुकानातून आला की माझ्याजवळ बसायचा आणि काय बोलावं ते न कळून माझ्या गोळ्यांची पट्टी बघायचा. वाईट कोणी नव्हतं. सगळे माझ्यासाठीच करत होते. म्हणून तर उठून जाता येत नव्हतं.

योगाची गोष्ट मात्र अक्काला पटली. "जा," म्हणाली. "अंग मोकळं व्हतं. पण जल्दी ये. कोणी आलं तर?"

आता डान्सचं सांगतो.

मी सळईच्या कारखान्यात क्रेनवर होतो. सगळी नोकरी वर केबिनमध्ये बसून गेली. खाली तापलेलं लोखंड, वर मी. खालचा माणूस हातानं खूण करायचा तेव्हा दांडा ओढायचा, खूण नसेल तर थांबायचं. बाकी अंग हलवायचं काम नव्हतं. रिटायर झालो तेव्हा माझी मान एका बाजूला वळत नव्हती. दैवशालाचा डावा गुडघा तरुणपणापासून अधू. शेतात विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती. आम्ही दोघं असे होतो.

मस्तगडला एका कापडाच्या दुकानावर हॉल आहे. आधी तिथं कापडाच्या गाठी ठेवायचे. आता धम्मपाल नावाचा मुलगा तिथं मॉडर्न डान्स शिकवतो. इथलाच आहे. पुण्याला शिकला, पुढं मोठ्या शहरांत कार्यक्रम केले आणि आई एकटी पडली म्हणून परत आला. राजनंदिनीला आम्ही तिथं घातलं होतं. सोडायला आणि आणायला आम्ही दोघं. ती महिनाभरात कंटाळली.

"आजी, तिथं गाणंच लावत न्हाईत. नुसतं पडायला शिकवतात."

"मंग बरंच हाय की," दैवशाला म्हणाली. "मी तर न शिकताच पडून राह्यले."

नात सिनेमाच्या गाण्यांच्या क्लासला गेली. दैवशाला दुसऱ्या दिवशी एकटीच जिना चढून वर गेली आणि धम्मपालला म्हणाली, "सर, म्हातारी चालंल का?"

"काकू, पाय हायेत ना?"

"एक बराबर हाय. एक नुसताच हाय."

"चालंल."

मी बाहेर बाकावर बसायचो. चार दिवस तिनं मला बसू दिलं. पाचव्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "हितं बसून काय करून राह्यलात? चपला राखता का?" आतल्या पोरी हसल्या. मी उठलो, कारण न उठणं त्याहून लाजेचं झालं असतं.

पहिल्या बॅचमध्ये फार काही नसतं. चालायचं, श्वासाबरोबर पाठ वाकवायची आणि सोडायची, हळूहळू जमिनीवर पडायचं, पडल्या जागेवरून उठायचं. गाणं नाही. धम्मपाल एका लाकडी खोक्यावर बसून त्यावर थाप मारतो, ती ऐकायची. माझं अंग लाकडासारखं होतं, पण थाप मला कळायची. डावीकडं वळायची वेळ आली की दैवशाला माझ्या हाताचा आधार घ्यायची. ठोका पडायचा, मी निघायचो, आणि तिचं वजन माझ्या हातावर अर्धा ठोका उशिरा यायचं. गुडघा तेवढा वेळ घ्यायचा. मग मी थांबायला लागलो. ठरवून नाही. वळायच्या आधी माझं अंग जरा थबकायचं, तिचा तळवा माझ्या मनगटाच्या वर टेकायचा, आणि मग आम्ही जायचो. धम्मपालनं ते कधी तोडलं नाही. आमच्यासाठी तो तेवढी थाप लांबवायचा.

वर्षभरानं त्यानं आम्हाला दुसऱ्या बॅचला घेतलं. फळ्यावर ‘इंटरमिजिएट’ लिहिलेलं असतं, पण सगळे दुसरी बॅचच म्हणतात. त्या दिवशी खाली उतरल्यावर दैवशालानं मला उसाचा रस पाजला आणि गाडीवाल्याला सांगितलं, "आमी दोघं पास झालो." कशात, ते त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही. हसत राहिली. दुसऱ्या बॅचला ती थोडेच दिवस आली. मग तो सकाळचा चहा.

होळी झाल्यावर मी परत गेलो. भारतला वाटत होतं मी ते कधीच सोडलं. एकदा मीच विषय काढला होता तर म्हणाला, "अप्पा, वर्ष तर होऊ द्या. लोक तोंडावर नाही बोलत, पण बोलतात." सूनबाईला, तृप्तीला, संशय असावा. योगाला निघालेला माणूस घोट्याशी घट्ट असलेली काळी पँट पिशवीत घालत नाही. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते. "मामा, पाण्याची बाटली घ्या," ती एवढंच म्हणायची.

धम्मपालनं मला दारात बघितलं आणि काही विचारलं नाही. त्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. फक्त माझी उभं राहायची जागा बदलली. आधी मी आणि दैवशाला मागं खिडकीशी असायचो. आता त्यानं मला मधे घेतलं आणि प्रियाला माझी जोडीदार केलं. प्रिया एका शाळेत खेळाची बाई आहे. तिशीची, काटक. मला काका म्हणते.

दुसऱ्या बॅचचं काम वेगळं. इथं एकट्यानं पडायचं नसतं. दुसऱ्याच्या भरवशावर पडायचं असतं. प्रिया चालत येते, तोल जाईपर्यंत मागं कलते आणि अंग सोडून देते. त्या क्षणी मी तिच्या पाठीशी असायचं, वजन घ्यायचं, गोल फिरून ते परत तिच्या पायांवर ठेवायचं. आणि शिकलेली प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी करायची. आधी उजवीकडून, मग तीच डावीकडून.

उजवीकडून मला जमलं.

डावीकडून फिरताना मी थबकलो. प्रिया आली, कलली, तिनं अंग सोडलं, आणि मी नव्हतो. ती कोपरावर पडली. आवाज झाला.

"काही न्हाई काका," ती उठून कोपर चोळत म्हणाली. "शाळेत पोरं रोज अंगावर पडतात माझ्या."

पुन्हा केलं. पुन्हा उशीर. या वेळी तिनंच स्वतःला सावरलं. मी मनाशी म्हणालो, आता थांबायचं नाही. ठोका पडला, आणि मी थांबलो. डाव्या हाताच्या मनगटाच्या वर, जिथं दैवशालाचा तळवा टेकायचा, तिथं मला काहीतरी टेकल्यासारखं झालं आणि मग माझे पाय हलले. मी चुकून थांबत होतो असं म्हणता येणार नाही. घरी फोटोसमोर बसून मला जे होत नव्हतं, ते तिथं होत होतं. प्रत्येक डाव्या वळणाला होत होतं. मी त्यासाठीच जायला लागलो.

हे किती दिवस चालणार? एका सकाळी क्लास सुटल्यावर धम्मपालनं मला थांबवून घेतलं. खोक्यावर बसला, मला समोर बसवलं.

"काका, उजवीकडून तुमी बिलकुल बराबर येता. डावीकडून उशीर. आणि रोज तेवढाच उशीर. चुकणारा माणूस रोज येगळा चुकतो. तुमी चुकत न्हाई. तुमी थांबता."

मी जमिनीकडं बघत होतो.

"कोणासाठी थांबता ते बी मला कळतंय," तो म्हणाला. "काकू असत्या तर मी कधी बोललो नसतो. पण आता तिथं प्रिया हाय. ती टायमावर येती. तुमी नसता."

"तिला सांग ना जरा दमानं पडायला."

तो हसला नाही. "पडणं दमानं न्हाई होत काका. तुमाला माहिती हाय."

मला माहिती होतं.

"शनिवारी आपुन सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. न थांबता. डावीकडून जमलं तर तुमी हितंच. न्हाई जमलं तर पहिल्या बॅचला या. तिथं कोणाला धरायचं नसतं. प्रियाचं डोकं आपटलं तर मी तिच्या आईला काय सांगू? राग मानू नका."

राग कशाचा? तो बरोबर बोलत होता. मी जिना उतरलो आणि रसाच्या गाडीजवळ उभा राहिलो. तो अर्ध्या ठोक्याचा थांबा काढला, तर दैवशाला जाणार. नाही काढला, तर दुसरी बॅच जाणार, जिथं आम्ही दोघं पास झालो होतो. पहिल्या बॅचला नुसतं बाकड्यासारखं एकट्यानं उभं राहायचं. तिथं तर मनगटावर कोणी टेकणारच नाही, कारण तिथं आता मला कोणाबरोबर वळायचंच नव्हतं. कोणतीही वाट धरली तरी मी तिला तिथं सोडूनच येणार होतो.

रस न पिता घरी आलो. बाहेर तीन जोडी चपला होत्या. वडीगोद्रीचे पाहुणे. मी सतरंजीवर जाऊन बसलो.

"कसं झालं एकाएकी?" त्यांनी विचारलं.

तो आठवडा मी घरात सराव करायला जागा शोधत फिरलो. जागा कुठं होती? पुढच्या खोलीत सतरंजी, मधल्या खोलीत अक्का, आत तृप्ती. एकदा मोरीत दार लावून डाव्या वळणाचा पहिला पाय टाकला तर बादली आडवी झाली आणि बाहेरून अक्का ओरडली, "पडला का रे? भुजंगा! बोल!" शेवटी दुपारी उन्हात गच्चीवर गेलो. तिथं कुरडया वाळत घातल्या होत्या. दुखवट्यात वाळवण करू नये असं अक्काचं म्हणणं होतं, पण शेजारणीच्या होत्या, तिनं आमची गच्ची मागितली होती. मी कुरडयांच्या मधल्या पट्टीत उभा राहिलो. मनात थाप मारली, वळलो. थांबा आला. पुन्हा वळलो. आला. मला बरंही वाटत होतं आणि रडूही येत होतं.

"मामा? काय करून राह्यलात?"

तृप्ती जिन्याच्या दारात उभी होती. माझे हात हवेत होते.

"पाठ आखडली."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग कुरडयांकडं बघितलं. ओठ दाबून धरले होते. "तळवे भाजतील. खाली चला," म्हणाली.

खाली जाऊन तिनं अक्काला पाठीचं सांगितलं असावं, कारण अक्का तेलाची वाटी घेऊनच बसली होती. मला पालथं झोपवलं आणि चोळायला लागली. तिच्या हातात अजून गडीमाणसाचा जोर आहे.

"एवढा योगा करतो अन् पाठ आखडती? तो मास्तर काय कामाचा हाय?"

"चांगला हाय."

"चांगला असता तर तू असा वाकडा झाला असता का? माझे बी गुडघे रातदिस ठणकून राह्यले. शनिवारी मी येते तुझ्यासंगं. बघते त्याला."

मी उठून बसायला गेलो. तिनं खांदा दाबून परत पालथं केलं.

"अक्का, जिना लई हाय तिथं."

"मंग काय झालं? तुझा हात हाय ना."

"बाया नसतात."

"बाया असतात, अक्का," आतून तृप्ती म्हणाली. "मी ऐकलंय." ती असं का बोलली ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तिलाही त्या घरात कोणीतरी एक खिडकी उघडावी असं वाटत असेल. मी तिला कधी विचारलं नाही.

शनिवारी रिक्षानं गेलो. अक्कानं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि योगासाठी म्हणून गोधडीची घडी मांडीवर घेतली होती. वाटेत रिक्षावाल्याला सांगत होती, "माझा भाऊ हाय. बायको गेली त्याची. सोन्यासारखी होती." मी बाहेर बघत होतो. मस्तगडला उतरल्यावर मला वाटलं, सरळ सांगावं आणि परत फिरावं. मग धम्मपाल वाट बघत राहील. प्रिया वाट बघेल. मी जिना चढायला लागलो. भीतीनं इतक्या घाईत चढलो, की अक्का मधेच राहिली.

"अरे, जल्दी काय हाय? पळून राह्यला का?" ती खालून म्हणाली.

प्रिया मागून येत होती. तिनं अक्काचा हात धरून तिला वर आणलं. धम्मपालनं खुर्ची दिली. अक्का बसली, गोधडी मांडीवर, आणि हॉलकडं बघायला लागली. मोठा आरसा. काळी जमीन. पोरं-पोरी अंग ताणत होती.

"तू बी योगाला का गं?" तिनं प्रियाला विचारलं.

प्रियानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"हो आजी," प्रिया म्हणाली.

"चटया कुठं हायेत?"

"आमचा बिनचटईचा हाय."

"आन् बाया-गडी एकत्रच?"

"एकत्रच आजी."

अक्कानं पदर नीट केला. धम्मपाल माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, पुढच्या शनिवारी करू का?"

मी अक्काकडं बघितलं, दाराकडं बघितलं. दारातून बाहेर पडलो असतो तर खाली रिक्षा, रिक्षातून घर, घरात सतरंजी. "न्हाई," म्हणालो. "कर सुरू."

तो खोक्यावर बसला. थाप पडली.

सुरुवातीला मला फक्त अक्का दिसत होती. आरशात, माझ्या खांद्याच्या मागं, खुर्चीवर. पाठ वाकवली, सोडली. चाललो. खाली गेलो, उठलो. मग प्रिया उजवीकडून आली, कलली, मी तिच्या पाठीशी होतो. वजन घेतलं, फिरलो, ठेवलं. खुर्चीचा आवाज झाला. अक्का उठली असावी. मी बघितलं नाही. आता सगळं डावीकडून. प्रिया लांब कोपऱ्यातून निघाली. तिच्या कोपरावरचा डाग मला दिसला, हिरवट पडलेला. ती माझ्याकडं बघत नव्हती. मागं बघून कोणी पडत नाही. ती नुसती आली आणि तिनं अंग सोडलं.

मी तिथं होतो.

पूर्ण वजन माझ्या हातांवर आलं. मी फिरलो, ती फिरली, तिचे पाय जमिनीला लागले आणि ती चालत पुढं गेली. मग पुढचं, त्याच्या पुढचं. शेवटी सगळे जमिनीवर पडतात आणि श्वास ऐकत पडून राहतात. मी पडून राहिलो. थाप थांबली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. धम्मपाल माझ्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "झालं काका. तुमी हितंच."

मी उठलो आणि मागं खिडकीशी गेलो, आमच्या जुन्या जागेवर. तिथं उभा राहून डावीकडं वळलो. सरळ वळलो. पुन्हा वळलो. मनात थाप लांबवून बघितली, मनगट पुढं करून बघितलं. काही टेकलं नाही. पाय ठोक्यावर गेले, कोणाचीही वाट न बघता. मी किती वेळ वळत होतो कोण जाणे. पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर गेली. धम्मपालनं बघितलं आणि तोही बाहेर गेला.

"भुजंगा."

अक्का खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"दैवशाला बी यायची हितं?"

"हो."

"हे असं? पडायची?"

"हो."

"मी पोळ्याला आल्ते तुमच्याकडं. मला कोणी बोललं न्हाई."

"तुला काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. "आता बी वाईटच वाटून राह्यलं. लोकांची पोरगी अशी छातीशी धरतो. बायकोचं वरीस व्हायचंय. त्या पोरीला काय, ती लहान हाय. तुला कळाया नको?" तिचा आवाज चढला आणि फुटला. "घरी तू बोलत न्हाई, रडत न्हाई. भिंतीसारखा बसतो. मला वाटलं योगानं तरी..." तिनं गोधडी काखेत मारली. "चल. वरीस होस्तोवर यायचं न्हाई हितं."

मी पिशवी घेतली. तिला काय सांगणार होतो? की दैवशाला आजच गेली, तेव्हा मार्गशीर्षात नाही, आज, आत्ता, टाळ्या वाजल्या तेव्हा? मला बोलता आलं असतं तर मी डान्स कशाला शिकलो असतो.

तो जिना अरुंद आहे. दोन माणसं शेजारी उतरली तर खांदे भिंतीला घासतात. मधे एका वळणावर अंधार आहे, दिवा कधीच लागत नाही. मी डाव्या हातानं अक्काला धरलं. उतरताना तिचा गुडघा जास्त दुखतो. खालून कापडाचा वास येत होता.

"मी येणार अक्का," मी म्हणालो.

ती थांबली नाही. एक पायरी उतरली.

"अन् कोणी भेटायला आलं तर काय सांगू? भाऊ नाचाया गेला?"

"योगा सांग."

"खोटं मी बोलू?"

आणखी एक पायरी. वळण आलं. तिथं पायऱ्या तिरक्या होतात, डावीकडं, आणि बाहेरच्या बाजूलाच पाय मावतो. अंधारात मला तिचं तोंड दिसत नव्हतं. तिनं गोधडी दुसऱ्या काखेत घेतली आणि मोकळा तळवा माझ्या मनगटाच्या वर टेकला. पूर्ण वजन लगेच आलं नाही. गुडघा वेळ घेत होता.

"हळू रे," ती म्हणाली.

मी आधीच थांबलो होतो.